डॅनीचा अपुरा निबंध : 'अमेरिकन हिस्टरी एक्स' आणि त्यामागचा इतिहास



आजच्या व्याख्यानासाठी मी एक सिनेमा घेतला आहे. इतिहासाच्या व्याख्यानात सिनेमा कशाला, असं काही जणांना वाटेल. पण या सिनेमाच्या नावातच इतिहास आहे आणि त्याच्या कथेच्या मध्यभागी आहे इतिहासाचा एक गृहपाठ. 'अमेरिकन हिस्टरी एक्स' हा सिनेमा १९९८च्या ऑक्टोबरअखेरीस अमेरिकेत प्रदर्शित झाला. पटकथा डेव्हिड मकेनाची, दिग्दर्शक टोनी के. आधीच सांगून ठेवतो, मी शेवट सांगणार आहे. आणि ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी तो घरातल्या लहान मुलांसमोर लावू नये. त्यातला एक प्रसंग असा आहे की मी तो दुसऱ्यांदा पाहताना मान फिरवली होती.

गोष्ट थोडक्यात अशी. लॉस एंजेलिसचा व्हेनिस बीच हा भाग. व्हिनयार्ड नावाचं एक मध्यमवर्गीय गोरं कुटुंब. वडील अग्निशामक दलात. एका काळ्या वस्तीत आग विझवायला गेलेले असताना त्यांना गोळी लागते आणि ते मरतात. थोरला मुलगा डेरेक डोकं भादरतो, छातीवर नाझींचं काळं चिन्ह गोंदवतो आणि परिसरातल्या गोऱ्या पोरांचा म्होरक्या बनतो. एका रात्री त्याची गाडी चोरायला तीन काळे तरुण येतात. डेरेक एकाला गोळ्या घालतो. दुसरा जखमी होऊन पडलेला असतो, त्याला तो फुटपाथच्या दगडी कडेवर दात टेकवायला लावतो आणि डोक्यावर लाथ घालतो. मान फिरवली म्हणालो तो हाच प्रसंग. डेरेकला तीन वर्षांची शिक्षा होते. तुरुंगात तो बदलतो. बाहेर येतो तेव्हा धाकटा भाऊ डॅनी त्याच्याच वाटेवर निघालेला असतो.

डॅनीने शाळेत हिटलरच्या आत्मचरित्रावर कौतुकाचा निबंध लिहिलेला आहे. शिक्षक चिडतात. मुख्याध्यापक डॉ. स्वीनी हे काळे गृहस्थ, पीएच.डी. केलेले आणि एके काळी डेरेकचेही शिक्षक. ते डॅनीला शाळेतून काढत नाहीत. ते त्याला दुसरा निबंध लिहायला सांगतात : तुझ्या भावावर लिही, तो तुरुंगात का गेला, त्याचा तुझ्यावर काय परिणाम झाला, आणि आजच्या अमेरिकेशी त्याचा काय संबंध. या विषयाला ते नाव देतात 'अमेरिकन हिस्टरी एक्स'. सगळा सिनेमा म्हणजे एका दिवसरात्रीत लिहिला गेलेला तो निबंध. भूतकाळ कृष्णधवल, वर्तमान रंगीत. दुसऱ्या दिवशी सकाळी निबंध घेऊन डॅनी शाळेत जातो आणि तिथल्या स्वच्छतागृहात एक काळा मुलगा त्याला गोळ्या घालतो. आदल्या दिवशी डॅनीने त्या मुलाच्या तोंडावर सिगारेटचा धूर सोडलेला असतो. एवढंच कारण.

तर मला आज असं म्हणायचं आहे की तो निबंध अपुरा राहिला. डॅनी मेला म्हणून अपुरा, असं नाही. निबंध त्याने पूर्ण केलाच होता. पण त्याने आपल्या घराचा इतिहास लिहिला आणि आपल्या गावाचा सोडून दिला. सिनेमानेही तेच केलं. द्वेष कसा शिकवला जातो हे या सिनेमाइतकं नेमकं फार थोड्या सिनेमांनी दाखवलं आहे. पण ज्या खोट्या इतिहासावर तो द्वेष उभा असतो, तो खोटा का, हे तो सांगत नाही. ते काम आज आपण थोडं करू.

सुरुवात नाश्त्याच्या टेबलापासून करतो. माझ्या मते सिनेमाचा कणा तो प्रसंग आहे, ती रक्ताळलेली दृश्यं नव्हेत. वडील अजून जिवंत आहेत. डेरेकच्या डोक्यावर केस आहेत, शाळेत हुशार मुलगा म्हणून नाव आहे. तो उत्साहाने स्वीनी सरांच्या वर्गाबद्दल सांगतोय. सरांनी 'नेटिव्ह सन' ही रिचर्ड राइटची कादंबरी वाचायला लावली आहे. वडील चांगले गृहस्थ. आवाज चढवत नाहीत, शिव्या देत सुटत नाहीत. ते फक्त म्हणतात की चांगली पुस्तकं बाजूला सारून ही कशाला, आणि मग आपल्या ठाण्यातली गोष्ट सांगतात. दोन काळ्यांना नोकरी मिळाली, त्यांच्यापेक्षा जास्त गुण असलेले गोरे बाहेर राहिले. उद्या आग लागली तर माझा जीव कोणाच्या हातात? पोरगा आधी थोडा विरोध करतो. मग मान डोलावतो. हे संभाषण समजायला आपल्यापैकी कोणाला मराठी सबटायटलं लागणार नाहीत. आपण सगळ्यांनी ते कुठल्या ना कुठल्या घरात जेवताना ऐकलेलं आहे.

सिनेमात हा प्रसंग उशिरा येतो, आणि ते बरोबर केलंय. तोवर आपली समजूत अशी झालेली असते की बापाच्या खुनामुळे पोरगा बिघडला. मग कळतं की खून ही नुसती काडी होती. सरपण आधीच रचून ठेवलेलं होतं, आणि ते रचणारा माणूस प्रेमळ होता.

आता त्या टेबलावर कोणालाच माहीत नसलेला इतिहास. लॉस एंजेलिसच्या अग्निशामक दलात काळे लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होते. पण १९२०च्या दशकापासून त्यांना वेगळ्या ठाण्यांत ठेवलं जाई. सगळ्या शहरात त्यांच्यासाठी दोन ठाणी होती, क्रमांक ३० आणि क्रमांक १४, दोन्ही सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूच्या काळ्या वस्तीच्या बाजूला. दोनच ठाणी, म्हणजे अधिकाऱ्यांच्या जागाही तेवढ्याच. वर जायचं तर वरचा माणूस निवृत्त व्हायची किंवा मरायची वाट बघा. ठाणी एकत्र करायची वेळ आली तेव्हा दलाच्या प्रमुखानेच विरोध केला. शेवटी १९५६मध्ये वेगळी ठाणी बंद झाली, आणि गोऱ्या ठाण्यांत पाठवलेल्या काळ्या जवानांचा तिथे जो छळ झाला त्याच्या हकिगती त्यांनी स्वतः सांगून ठेवल्या आहेत. तीस क्रमांकाच्या ठाण्याच्या त्या इमारतीत आज काळ्या अग्निशामकांचं संग्रहालय आहे. ते १९९७ साली सुरू झालं, म्हणजे सिनेमाच्या आदल्याच वर्षी.

व्हिनयार्डसाहेब ज्या दोन जागांबद्दल तक्रार करत होते, त्या दलात तीस वर्षांहून अधिक काळ बाकी सगळ्या ठाण्यांमधल्या सगळ्या जागा गोऱ्यांसाठी राखीव होत्या. त्याला राखीव म्हणत नव्हते, एवढाच फरक. म्हणून तो इतिहास टेबलावर आलाच नाही.

दुसरा प्रसंग बास्केटबॉलचा. व्हेनिसच्या किनाऱ्यावरच्या मैदानात गोरे विरुद्ध काळे असा सामना होतो. अट अशी की जो हरेल त्याने ते मैदान कायमचं सोडायचं. गोरे जिंकतात आणि हे पुन्हा आमचं झालं म्हणून जल्लोष करतात. हा सामना असा चित्रित केलाय, मागे असं संगीत आहे की बघणारा नकळत डेरेकच्या बाजूने टाळ्या वाजवायला लागतो. त्यावर मी पुढे बोलेन. आधी 'पुन्हा आमचं' या शब्दांकडे बघू.

व्हेनिस हे गाव अ‍ॅबट किनी नावाच्या तंबाखूच्या श्रीमंत व्यापाऱ्याने वसवलं, १९०५ साली. इटलीतल्या व्हेनिससारखे कालवे खणले, कमानी उभारल्या. ते बांधायला आणि चालवायला काळे कामगार आले. पण कालव्यांच्या बाजूला घर घ्यायची त्यांना मुभा नव्हती. त्यांच्यासाठी ओकवूड नावाचा एक तुकडा होता, समुद्रापासून थोडा आत. किनीचा ड्रायव्हर होता आयर्व्हिंग टेबर, काळा माणूस. १९२०मध्ये किनी वारला, आणि पुढे त्याचं राहतं घर या टेबरला मिळालं. पण घर मालकीचं होऊनही टेबरला त्यात राहता येईना, कारण त्या भागात काळ्यांनी राहायचं नाही असा दंडक. मग त्याने काय केलं? घर कापलं. तुकडे केले, गावातून ओढत नेले आणि ओकवूडमध्ये पुन्हा जोडले. ते घर अजून तिथे उभं आहे.

जरा दक्षिणेला, मॅनहॅटन बीचवर, ब्रूस नावाच्या काळ्या दांपत्याने १९१२ साली किनाऱ्यालगत जागा घेऊन काळ्या लोकांसाठी विश्रामगृह काढलं. ते चांगलं चालायला लागल्यावर नगरपालिकेने १९२०च्या दशकात सार्वजनिक बाग करायची म्हणून ती जागा सक्तीने घेतली. बाग पुढे कित्येक वर्षं झालीच नाही. ही जागा ब्रूस यांच्या वारसांना परत मिळाली २०२२मध्ये. शंभर वर्षं म्हणा ना. तेव्हा त्या किनाऱ्यावर कुठला तरुण 'पुन्हा आमचं' म्हणतो, तेव्हा कोणाचं कोणाकडून कधी गेलं होतं हे एखाद्या शिक्षकाने त्याला विचारायला हवं होतं. स्वीनींनी डॅनीला विषय बरोबर दिला. त्याने भावाबद्दल लिहिलं, मैदानाबद्दल लिहिलं नाही.

इथे सिनेमाच्या काळाबद्दल थोडं सांगायला हवं. मार्च १९९१मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या माणसाला रस्त्यावर मारहाण केली, ती एका रहिवाशाने व्हिडिओवर टिपली. २९ एप्रिल १९९२ला ज्यूरीने त्या पोलिसांना जवळपास सगळ्या आरोपांतून सोडलं आणि शहर पेटलं. पन्नासांहून जास्त माणसं मेली, नुकसान शंभर कोटी डॉलरच्या घरात गेलं, आणि कोरियन मालकांची दोन हजारांवर दुकानं लुटली किंवा जाळली गेली. सिनेमात जेवणाच्या टेबलावर जो दुसरा मोठा वाद होतो, तो याच रॉडनी किंगवरून. डेरेक आईच्या ज्यू मित्राला, म्हणजे त्या निबंधावर चिडलेल्या मरे सरांना, घराबाहेर काढतो. बहिणीच्या तोंडात अन्न कोंबतो. आणि त्याच रात्री खून करतो. बरं, तो वाद घालताना मूर्ख वाटत नाही, हे लक्षात घ्या. आकडे फेकतो, मुद्दे मांडतो. १९९४मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी बेकायदा स्थलांतरितांना शाळा-दवाखान्यांसारख्या सेवा नाकारणारा एक प्रस्ताव सुमारे ५९ टक्के मतांनी मंजूर केला होता. पुढे न्यायालयांनी तो रोखला. १९९६मध्ये दुसऱ्या प्रस्तावाने सरकारी नोकऱ्या आणि विद्यापीठांतलं वांशिक प्राधान्य बंद केलं. म्हणजे डेरेक सुपरमार्केटवर हल्ला करण्याआधी पोरांना जे भाषण देतो, त्याचा बराचसा मजकूर तेव्हा टाय लावलेली माणसं टीव्हीवर बोलतच होती. पटकथेची ही मोठी जमेची बाजू मी मानतो. डेरेकचं डोकं भादरलेलं आहे म्हणून तो कुठल्या वेगळ्याच ग्रहावरून आलेला नाही.

भादरलेल्या डोक्याचीही एक गंमत आहे, सांगून टाकतो. स्किनहेड ही फॅशन १९६०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या कामगार वस्त्यांत आली, आणि ती पोरं ऐकायची जमैकाचं संगीत. शेजारच्या काळ्या स्थलांतरित पोरांकडून कपडे उचलले, नाच उचलला. पुढे उजव्या टोळ्यांनी ती वेशभूषा पळवली आणि ती अमेरिकेत आली तेव्हा तिचा जन्म कुठल्या अंगणात झाला हे कोणाला आठवत नव्हतं.

असो. पोरांना पकडून आणणारा माणूस कोण, ते बघू. सिनेमात कॅमरन अलेक्झांडर नावाचं पात्र आहे, स्टेसी कीच या नटाने केलंय. वयस्कर, मृदुभाषी, स्वतः कधी कोणाला हात लावत नाही. पोरं तुरुंगात जातात, हा घरी बसून साहित्य छापतो. सिनेमा त्याला कोणा खऱ्या माणसाचं नाव देत नाही. पण त्या काळच्या कॅलिफोर्नियात असा माणूस खरोखर होता. टॉम मेट्झगर, सॅन दिएगोजवळच्या फॉलब्रुकचा, टीव्ही दुरुस्त करणारा. १९७०च्या दशकात कु क्लक्स क्लानचा कॅलिफोर्नियातला प्रमुख. १९८०मध्ये या माणसाने डेमोक्रॅटिक पक्षाची काँग्रेससाठीची प्राथमिक निवडणूक जिंकली होती. मुख्य निवडणुकीत आपटला, पण प्राथमिक जिंकला. नंतर त्याने 'व्हाइट आर्यन रेझिस्टन्स' ही संघटना काढली, केबल टीव्हीवर कार्यक्रम केला आणि स्किनहेड पोरांना हाताशी धरलं.

१३ नोव्हेंबर १९८८च्या रात्री ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात तीन स्किनहेडांनी मुलुगेटा सेराव या इथिओपियन तरुणाला रस्त्यात गाठलं आणि बेसबॉलच्या बॅटने मारून टाकलं. तो अठ्ठावीस वर्षांचा होता, शिकायला अमेरिकेत आला होता. ओळखही नव्हती. तिघांनी गुन्हा कबूल केला, शिक्षा झाल्या. नेहमीच्या हिशेबाने प्रकरण तिथेच संपलं असतं. पण सेरावच्या नातेवाइकांच्या वतीने 'सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर'चे वकील मॉरिस डीझ यांनी दिवाणी दावा लावला, आणि तो लावला मेट्झगर बापलेकांवर. युक्तिवाद असा की या माणसांनी आपला हस्तक पोर्टलंडला पाठवला, त्याने त्या पोरांना हिंसेचं शिक्षण दिलं, म्हणून या खुनाची जबाबदारी यांचीही आहे. ऑक्टोबर १९९०मध्ये ज्यूरीने ते मान्य केलं. एक कोटी पंचवीस लाख डॉलरची भरपाई. एवढे पैसे मेट्झगरकडे नव्हतेच. पण घर गेलं, संघटना मोडकळीला आली.

आता हे सिनेमाशेजारी ठेवून बघा. सिनेमात कॅमरनचा हिशेब कसा चुकता होतो? तुरुंगातून आलेला डेरेक त्याला एक ठोसा मारतो. प्रेक्षकाला बरं वाटतं. पण दुसऱ्या दिवशी कॅमरनचं दुकान चालूच राहणार. पोर्टलंडच्या लोकांनी ठोसा मारला नाही, त्यांनी त्याचा जमाखर्च मागितला. पटकथाकाराला कोर्टकचेरी दाखवणं कंटाळवाणं वाटलं असेल तर मी समजू शकतो. तरी दोन्हींत मोठा फरक आहे.

डेरेकच्या बदलाबद्दल बोलायचं तर तुरुंगातला भाग सिनेमात सगळ्यात चांगला आहे असं माझं मत आहे. तो आत गेल्यावर छातीवरचं चिन्ह दाखवून गोऱ्या टोळीचा आसरा घेतो. काही महिन्यांनी बघतो तर टोळीचे लोक मेक्सिकन टोळीशी अमली पदार्थांचा धंदा करतायत. वंशाची शुद्धता बाजारात दिसत नाही. तो तोंड उघडतो, दूर होतो, आणि त्याचेच गोरे बांधव त्याच्यावर बलात्कार करतात. हे सगळं नाट्यमय आहे, पण नुसत्या एवढ्याने माणूस बदलत नाही. मार खाल्लेला माणूस बहुधा आणखी कडवट होतो. बदल होतो तो लाँड्रीत. तिथे त्याच्या जोडीला लमाँट नावाचा काळा कैदी आहे. दोघं चादरी, कपडे घड्या करतात. लमाँट बडबड्या, चेष्टेखोर. डेरेक कित्येक दिवस तोंड उघडत नाही. लमाँटही त्याला सुधारायला जात नाही. तो फक्त काम करतो आणि विनोद करतो, आणि एक दिवस डेरेकला हसू येतं.

एकदा डेरेक त्याला विचारतो, तू कशासाठी आत आहेस? लमाँटने टीव्ही चोरला होता. पोलिसाने हात धरल्यावर टीव्ही निसटून त्याच्या पायावर पडला, पोलिसाने सांगितलं की यानेच फेकला. हल्ल्याचा गुन्हा लागला. शिक्षा सहा वर्षं. समोर बसलेल्या डेरेकने माणूस मारलाय, आणि त्याला तीन. सिनेमा या आकड्यांवर भाष्य करत नाही. कॅमेरा डेरेकच्या चेहऱ्यावर थोडा रेंगाळतो आणि पुढे जातो. नाश्त्याच्या टेबलावर बापाने शिकवलेलं गणित तिथे पहिल्यांदा उलटं पडतं.

शेजारी बसून केलेल्या कामाने माणूस बदलतो, ही पटकथाकाराची निव्वळ कल्पना नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅम शहरात १९७१ साली शाळांमधलं वर्णविभाजन मोडायची वेळ आली तेव्हा गावातल्या लोकांची दहा दिवसांची सभा बोलावली गेली. तिला दोन अध्यक्ष नेमले. एक अ‍ॅन अ‍ॅटवॉटर, काळ्या गरीब वस्तीतल्या झुंजार कार्यकर्त्या. दुसरे सी. पी. एलिस, पेट्रोल पंप चालवणारे आणि स्थानिक क्लानचे प्रमुख. दोघांचं एकमेकांवर उघड वैर होतं. दहा दिवस एकत्र काम करता करता एलिसना कळलं की दोघांचीही पोरं त्याच शाळांत, त्याच दारिद्र्यात आहेत, आणि गावातले बडे लोक दोघांनाही रस्त्यात ओळख दाखवत नाहीत. शेवटच्या रात्री त्यांनी क्लानचं सदस्यपत्र सगळ्यांसमोर फाडलं. २०१९मध्ये यावरही एक सिनेमा आला, 'द बेस्ट ऑफ एनिमीज'. तो तिथे जवळजवळ संपतो, पण एलिस यांचं खरं आयुष्य त्यानंतरचं आहे. जुने मित्र तुटले, गोऱ्या समाजाने वाळीत टाकलं. ते ड्यूक विद्यापीठात देखभालीच्या कामाला लागले, कामगार संघटनेत शिरले आणि बहुसंख्य काळ्या सभासदांनी त्यांना निवडून दिलं. २००५मध्ये ते वारले तेव्हा अंत्यविधीला अ‍ॅटवॉटर बोलल्या. चौतीस वर्षं! डेरेकला सिनेमाने चोवीस तास दिले.

सिनेमाने डेरेकला आणखी एक गोष्ट दिली, आणि ती मला खटकते. देखणेपण. टोनी के हा इंग्लंडमधला जाहिरातपट बनवणारा माणूस, हा त्याचा पहिलाच कथापट, आणि छायाचित्रणही त्याचंच. वस्तू आकर्षक कशी दाखवायची हे त्याच्या हातात मुरलेलं आहे. अटकेच्या वेळी गुडघ्यावर बसलेला डेरेक, उघडं अंग, संथ गती, मागे समूहगान. चर्चमधलं चित्र वाटावं. या प्रतिमा ज्या पोरांना सावध करायच्या, त्यांनाच त्या भिंतीवर लावाव्याशा वाटल्या तर नवल नाही. खुद्द के आपल्या सिनेमावर इतका नाराज होता की निर्मात्या कंपनीशी आणि नायक एडवर्ड नॉर्टनशी संकलनावरून त्याचं कडाक्याचं भांडण झालं. त्याने वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या, एका बैठकीला तो एक रब्बी, एक पाद्री आणि एक तिबेटी भिक्षू घेऊन गेला, दिग्दर्शक म्हणून 'हम्प्टी डम्प्टी' असं नाव लावा म्हणाला. दिग्दर्शकांच्या संघटनेने ते मान्य केलं नाही, म्हणून खटला भरला. तो टिकला नाही. नॉर्टनला ऑस्करचं नामांकन मिळालं. पुरस्कार त्या वर्षी रोबेर्तो बेनिन्यीला गेला, छळछावणीत नेलेल्या एका ज्यू बापाच्या भूमिकेसाठी. योगायोग, दुसरं काही नाही.

डॅनीच्या निबंधाचा शेवट त्याने अब्राहम लिंकनच्या एका भाषणाने केलाय. १८६१चं, पहिल्या शपथविधीचं, आपण शत्रू नव्हे या अर्थाचं. इथे आपल्याला जोतीराव फुले आठवणं साहजिक आहे. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं. लिंकनचं ते भाषण मात्र डॅनीने नीट वाचलं असेल असं वाटत नाही. आपण शत्रू नव्हे हे लिंकन काळ्यांना उद्देशून म्हणत नव्हता. तो फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या गोऱ्यांची समजूत घालत होता, आणि त्याच भाषणात जिथे गुलामगिरी आहे तिथे ती मोडायचा माझा हेतू नाही असं आश्वासन देत होता. मुक्तीची घोषणा त्यानंतर पावणेदोन वर्षांनी आली, युद्धात हजारो माणसं पडल्यावर. चांगला शिक्षक असता तर त्याने समासात लाल शाईने तेवढं लिहिलं असतं.

आणि त्याने आणखी एक प्रश्न लिहिला असता. फुटपाथच्या कडेवर ज्याने दात टेकवले त्या तरुणाचं नाव काय? हा सिनेमा पाहिलेल्या किती जणांना विचारलं, कोणालाच सांगता आलं नाही. श्रेयनामावलीत शोधावं लागतं. त्याची आई कोण, घर कुठे, मयताला कोण आलं, हे काही सिनेमात नाही. डेरेकला पश्चात्ताप होतो, तो रडतो, भावाला सगळं सांगतो, भिंतीवरची चित्रं उतरवतो, आंघोळ करून आरशात छातीवरचं चिन्ह हाताने झाकतो. पण ज्यांची माणसं त्याने मारली त्यांच्या दाराशी तो जात नाही, आणि जावं असं पटकथेलाही सुचत नाही. त्याच्या मुक्तीची सगळी किंमत काळी माणसंच भरतात, लमाँट संरक्षण देतो, स्वीनी पुस्तकं आणून देतात, आणि शेवटी हिशेब डॅनीच्या नावावर चढतो.

मुलुगेटा सेरावचं नाव पोर्टलंडमध्ये आज रस्त्याच्या पाट्यांवर आहे. त्याला एक लहान मुलगा होता, बाप मेला तेव्हा इथिओपियात होता. मेट्झगरकडून भरपाईची वसुली करणाऱ्या वकिलांपैकी एकाने पुढे त्या मुलाला अमेरिकेत आणलं, आपल्या घरी वाढवलं, शिकवलं. तो मोठा होऊन वैमानिक झाला.

वेळ झालेली दिसते. इथे थांबतो, प्रश्न असतील तर घेऊ.